टाळ आधी, आवाज नंतर: व्हिडिओचा बिघडलेला फ्रेमरेट कसा ओळखायचा आणि कसा सुधारायचा

पंच्याण्णव मिनिटांचं कीर्तन. मोबाइल तिपाईवर लावून एका दमात रेकॉर्ड केलेलं. मोबाइलवर लावून पाहिलं तर सगळं ठीक. तीच फाइल संगणकावर एडिटिंगला घेतली, सुरुवातीला सप्ताहाचं नाव टाकलं, शेवटी आभार टाकले, एक्स्पोर्ट केली आणि मंडळींना पाठवून दिली. पहिल्या अभंगापर्यंत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पूर्वरंग संपता संपता बुवांचे ओठ आणि शब्द वेगळे झाले. शेवटी तर मंडळी आरतीला उभी राहिलेली दिसत होती आणि कानावर अजून गजरच पडत होता.

फाइल माझ्याच हातून गेली होती. त्या रात्री मी ती तीन वेगवेगळ्या कन्व्हर्टरमधून काढली आणि दर वेळी बिघाड थोडा वेगळा झाला, गेला मात्र नाही. चित्र आणखी मऊ पडलं ते वेगळंच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं ते काम होतं. दोष कुठे आहे हे न पाहताच मी औषध देत होतो. त्यानंतर एक क्रम ठरवून घेतला, तोच इथे सविस्तर लिहितो. यातली सगळी सॉफ्टवेअर मोफत मिळतात.

पहिली पायरी: कन्व्हर्ट करू नका, मोजा

बिघडलेली फाइल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा. सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी तीन ठिकाणं निवडा, जिथे एखादी गोष्ट आदळताना दिसते आणि त्याच क्षणी वाजते. कीर्तन-भजनात टाळासारखी सोय नाही. टाळावर टाळ पडतो तो क्षण स्पष्ट दिसतो आणि त्याचा आवाजही धारदार असतो. नाटक असेल तर दार आपटणं, लग्न असेल तर ताशाची काडी.

विंडोजवरच्या व्हीएलसीत कीबोर्डवरचं जे हे अक्षर दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो, के दाबलं की ५० मिलिसेकंद पलीकडे जातो. टाळ आणि आवाज जुळेपर्यंत दाबा. पडद्यावर जो आकडा दिसेल तो कागदावर लिहून घ्या. तिन्ही ठिकाणी हेच करा. फरक फारच मोठा असेल तर घड्याळ लावून सेकंद मोजले तरी चालतं.

आता ते तीन आकडे शेजारी ठेवून पाहा. निम्मं निदान इथेच होतं.

तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल, समजा सगळीकडे २०० मिलिसेकंद, तर फ्रेमरेटला, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) या आकड्याला, हात लावू नका. आवाज नुसता सरकलाय, तो तेवढाच सरकवून परत बसवायचा.

फरक एकसारखा वाढत जात असेल, तर कुठेतरी दोन वेगांची गल्लत झाली आहे. कोणत्या दोन, ते वाढीवरून कळतं. तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास वाढत असेल तर ३० आणि २९.९७ किंवा २४ आणि २३.९७६ यांची अदलाबदल झालेली असते. तासाला सुमारे अडीच मिनिटं असेल तर २४ आणि २५ यांची. आवाजाची पट्टीच चढली किंवा उतरली असेल, बुवा काळी एकऐवजी काळी दोनच्या आसपास गाताहेत असं वाटत असेल आणि तासाला पाचेक मिनिटांचा फरक येत असेल, तर दोष चित्राचा नाही. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा (सॅम्पलचा) आवाज ४८,०००चा समजून वाजवला जातोय.

फरक वाढतोय, पण कधी भरभर कधी हळू, तर मोबाइलचा बदलता फ्रेमरेट. आणि एखाद्या ठिकाणी अचानक उडी मारून पुढे तेवढाच राहत असेल, तर त्या जागी फ्रेम गळल्या आहेत. कॅसेटवरून उतरवलेल्या फाइलमध्ये हे हमखास दिसतं.

दुसरी पायरी: फाइलचा सातबारा काढा

जमिनीचा व्यवहार करण्याआधी आपण सातबारा पाहतो, तसं कन्व्हर्ट करण्याआधी मीडियाइन्फो पाहायचं. छोटंसं सॉफ्टवेअर आहे, मूळ फाइल त्यावर ओढून टाकली की तिची सगळी नोंद समोर येते. 'ट्री' किंवा 'टेक्स्ट' अशी सविस्तर मांडणी निवडा, कारण सुरुवातीच्या सोप्या मांडणीत हवे ते आकडे दिसत नाहीत.

पाहायचं ते असं. फ्रेमरेट मोड कॉन्स्टंट (ठाम) आहे की व्हेरिएबल (बदलता). व्हेरिएबल असेल तर किमान आणि कमाल फ्रेमरेट किती. स्कॅन टाइप प्रोग्रेसिव्ह (एका फ्रेममध्ये एक पूर्ण चित्र) आहे की इंटरलेस्ड (दोन अर्धी चित्रं). व्हिडिओची लांबी आणि ऑडिओची लांबी सारखी आहे का. ऑडिओचा सॅम्पलिंग रेट किती.

माझ्या कीर्तनाच्या मूळ फाइलवर मोड होता व्हेरिएबल आणि सरासरी फ्रेमरेट २९.९४. एडिटिंगच्या टाइमलाइनवर मी ३० ठेवला होता. पंच्याण्णव मिनिटं म्हणजे ५,७०० सेकंद. एवढ्या वेळात मोबाइलनं सेकंदाला सरासरी २९.९४ फ्रेम घेतल्या, आणि सॉफ्टवेअरनं त्या सेकंदाला ३० या हिशेबानं एकापुढे एक मांडून टाकल्या. चित्र ५,६८८ सेकंदांत संपलं, आवाज मात्र पूर्ण ५,७०० सेकंद चालला. सुमारे साडेअकरा सेकंदांचा फरक. आरती आणि गजर यांच्यात तेवढंच अंतर पडलं होतं.

मोबाइल असं का करतो? उजेड कमी झाला की प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश द्यावा लागतो, म्हणून तो सेकंदाला कमी फ्रेम घेतो. फोन तापला, प्रोसेसरवर भार आला तरी फ्रेममधलं अंतर पुढेमागे होतं. प्रत्येक फ्रेमवर ती कधी दाखवायची याची वेळ लिहिलेली असते, म्हणून मोबाइलवर आणि व्हीएलसीत चित्र बरोबर दिसतं. ती वेळ न वाचता फ्रेम नुसत्या मोजणारं सॉफ्टवेअर आलं की गडबड होते. म्हणजे मूळ फाइल निरोगी असते. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण कीर्तन परत होणार नव्हतं.

मोबाइलच्या फाइलवर उपाय

एडिटिंगला घेण्याआधी ही फाइल एकदाच ठाम फ्रेमरेटवर आणायची. त्यासाठी हँडब्रेक हे कन्व्हर्टर वापरा. मूळ फाइल उघडा, वरच्या यादीतून एखादा प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) निवडा आणि मग 'व्हिडिओ' या टॅबवर जा.

तिथे फ्रेमरेटच्या जागी 'सेम ॲज सोर्स' न ठेवता सरासरीच्या सर्वांत जवळचा आकडा निवडा. माझ्या बाबतीत ३०. त्याखाली दोन-तीन गोल बटणं असतात, त्यातलं 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा. सगळा खेळ या एका बटणावर आहे. हँडब्रेकच्या बऱ्याच प्रीसेटमध्ये इथे 'पीक फ्रेमरेट' निवडलेलं असतं. पीक म्हणजे या आकड्याच्या वर जाऊ नको, खाली गेलास तरी चालेल. तसंच ठेवून कन्व्हर्ट केलं तर बाहेर येणारी फाइलही बदलत्या फ्रेमरेटचीच निघते आणि आपल्याला वाटतं उपाय लागू पडला नाही.

एन्कोडर, म्हणजे चित्र आवळून साठवण्याची पद्धत, एच.२६४ ठेवा. गुणवत्तेची पट्टी १८च्या आसपास ठेवा; या पट्टीवर आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. ही फाइल अजून एडिट होऊन पुन्हा एकदा एन्कोड होणार आहे, म्हणून इथे जागेची कंजुषी नको. 'ऑडिओ' टॅबमध्ये सॅम्पल रेट ४८ (म्हणजे ४८,०००) करा. 'फिल्टर्स'मध्ये डीइंटरलेस (इंटरलेस्डची अर्धी चित्रं सोडवणारा फिल्टर) बंद ठेवा, मोबाइलच्या चित्राला त्याची गरज नसते.

कन्व्हर्ट झाल्यावर नवी फाइल पुन्हा मीडियाइन्फोवर टाका. मोड कॉन्स्टंट दिसला पाहिजे, आणि चित्र-आवाजाची लांबी जुळली पाहिजे. मग पहिल्या पायरीतली तीच तीन ठिकाणं, तेच टाळ. चित्राचा दर्जा पाहायला पाच मिनिटांचा तुकडा कन्व्हर्ट करून चालतो, पण आवाज घसरतोय का हे पाहायला पूर्ण फाइलच लागते. पाच मिनिटांत पाऊण सेकंदाचाही फरक पडत नाही आणि तो डोळ्यांतून सहज निसटतो.

इथे एक प्रश्न हमखास येतो: भारतात २५ फ्रेम चालतात ना, मग ३० का? कारण ३०चे २५ करायचे तर दर सहा फ्रेममागे एक फेकावी लागते. चालणारा माणूस सेकंदाला पाच वेळा अडखळल्यासारखा दिसतो, आणि ढोलकीवरची बोटं तर तुटक दिसतात. ६०चे ३० किंवा ५०चे २५ करताना एकाआड एक फ्रेम जाते, हालचाल सम राहते. बरोबर निम्मं होत नसेल तर मूळ फ्रेमरेटच ठेवा. आजच्या टीव्हीला, मोबाइलला आणि यूट्यूबला ३०ही चालतो आणि २५ही. पुढच्या कामाला २५च हवा असेल तर शूटिंगच २५वर करायचं.

टाइमलाइनचा फ्रेमरेटही पहिली क्लिप आत घेण्याआधीच ठरवा. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये काम एकदा सुरू झालं की तो आकडा बदलता येत नाही.

हे विचित्र आकडे आले कुठून

पन्नास हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या देशांनी टीव्हीसाठी २५ फ्रेम घेतल्या, साठ हर्ट्झवाल्यांनी ३०. अमेरिकेत १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाचं एनटीएससी मानक मंजूर झालं. रंगाचा संकेत आवाजाच्या संकेतात मिसळून चित्रात जाळी दिसू नये म्हणून वेग हजारात एक भागानं कमी केला. ३०चा २९.९७ झाला तो असा. नेमकं सांगायचं तर ३०,००० भागिले १,००१. आपल्याकडे १९८२ला आशियाई खेळांच्या वेळी रंगीत टीव्ही आला तो पाल पद्धतीचा, २५ फ्रेमचा. सिनेमा जगभर २४चा. तो पाल टीव्हीवर दाखवताना सरळ २५च्या वेगानं पळवत, म्हणून दोन तासांचा सिनेमा ११५ मिनिटांत संपायचा. सबटायटल सुरुवातीला जुळून पुढे घसरत जातात त्यामागेही बहुतेक वेळा हेच असतं. तिथे व्हिडिओ कन्व्हर्ट करायची गरज नाही, सबटायटल एडिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सबटायटलचाच फ्रेमरेट बदलता येतो.

घरच्या कॅसेटा

माझ्याकडे सर्वांत जास्त येतात त्या लग्नाच्या आणि मुंजीच्या कॅसेटा. यात माणसं असतात जी आता नाहीत, म्हणून इथे थोडं थांबून लिहितो.

व्हीएचएसचं चित्र इंटरलेस्ड असतं. एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं, एक सम ओळींचं, एक विषम ओळींचं, आणि दोन्हींमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. संगणकावर ती दोन्ही एकदम दाखवली की हलणाऱ्या गोष्टीच्या कडेला फणीचे दात दिसतात. अक्षता टाकणाऱ्या हातावर पाहा, लगेच कळेल. हा फ्रेमरेटचा दोष नाही, पण कन्व्हर्ट करताना सर्वांत जास्त नासाडी इथे होते. कुणी आधी चित्राचा आकार बदलतो आणि मग दात घालवायला जातो. आकार बदलला की सम-विषम ओळी एकमेकींत मिसळतात आणि ते दात कायमचे चित्रात भाजले जातात. क्रम असाच हवा: आधी डीइंटरलेस, मग आकार.

हँडब्रेकमध्ये 'फिल्टर्स' टॅबवर डीइंटरलेसला यादिफ किंवा बीडब्ल्यूदिफ निवडा आणि प्रीसेटमध्ये 'बॉब'. बॉबनं दोन्ही अर्ध्या चित्रांची स्वतंत्र फ्रेम होते, २५च्या जागी ५० मिळतात आणि हालचाल मूळ टीव्हीवर दिसायची तशी वाहती राहते. मात्र 'व्हिडिओ' टॅबवर फ्रेमरेट ५० कॉन्स्टंट करायला विसरू नका, नाहीतर ३०च्या प्रीसेटमुळे मिळालेल्या फ्रेम पुन्हा गळतील. चित्र झटके खात पुढे-मागे थरथरलं तर ओळींचा क्रम उलटा वाचला जातोय. मिनिडीव्हीच्या (छोट्या डिजिटल कॅसेटच्या) फाइलमध्ये खालची ओळ आधी असते, इतर बऱ्याच ठिकाणी वरची. मीडियाइन्फोत 'स्कॅन ऑर्डर'समोर हे लिहिलेलं असतं.

मिनिडीव्हीचा आणखी एक बारकावा. त्या कॅमेऱ्यांत आवाजाचे दोन पर्याय असत: १६ बिट ४८,००० आणि १२ बिट ३२,०००. एकाच कॅसेटवर दोन्ही सापडतात, कारण मध्येच कुणीतरी सेटिंग बदललेलं असतं. असे तुकडे न कन्व्हर्ट करता एकमेकांना जोडले की दुसऱ्या तुकड्यापासून आवाज भलत्याच वेगानं पळतो. जोडण्याआधी प्रत्येक तुकड्याचा आवाज ४८,०००वर आणा.

कॅसेट जुनी असेल, पट्टी ताणलेली असेल तर कॅप्चर करताना, म्हणजे संगणकावर उतरवताना, फ्रेम गळतात आणि आवाज उड्या मारत मागेपुढे होतो. यावर एक आकडा बदलून उपाय होत नाही. वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत कॅप्चर करा, संगणकावर दुसरं काहीही चालू ठेवू नका, आणि जिथे उडी आहे तिथे क्लिप कापून पुढचा आवाज हातानं जुळवा. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट वेगळी ओळखा. ती एनटीएससी असते: २९.९७ फ्रेम, ४८० ओळी. आपल्या साध्या पाल व्हीसीआरवर ती कृष्णधवल दिसते किंवा चित्र वर सरकत राहतं. ती उतरवणाऱ्याला स्पष्ट सांगा की पाल करून देऊ नका, एनटीएससीच उतरवा. २९.९७ची २५ करताना काही यंत्रं शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत विरघळवतात. मग नाचणाऱ्या मुलीला चार हात दिसतात, आणि ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर

दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी नसतात. सुरुवातीला जुळवलेलं तासाभरानं काही फ्रेम सरकतं. पूर्ण लांबीचा आवाज अगदी किंचित ताणून किंवा दाबून शेवटचा टाळ जुळवा. पट्टी कायम ठेवण्याचा पर्याय चालू असू द्या. आणि जुळवताना मोबाइलमधल्या आवाजाच्या लाटेवर भरवसा ठेवू नका. मोबाइल मंडपाच्या मागे, व्यासपीठापासून वीस मीटरवर असेल, तर आवाज तिथे पोचायला सेकंदाचा सतरावा भाग लागतो, २५ फ्रेमच्या हिशेबानं दीड फ्रेम. मोबाइलचा आवाज मुळातच उशिरा आलेला असतो. जुळवायचं ते डोळ्यांना दिसणाऱ्या टाळाशी.

कन्व्हर्ट करायचीच गरज नसते तेव्हा

टीव्हीवर फाइल लागत नाही म्हणून लोक तासन्‌तास कन्व्हर्ट करतात. पुष्कळदा आतलं चित्र टीव्हीला चालणारंच असतं, फक्त डबा चालत नाही. एमकेव्ही, एमपी४, एमओव्ही हे डबे, एच.२६४, एच.२६५ हा आतला माल. आतला माल एच.२६४ असेल तर शटर एन्कोडर या सॉफ्टवेअरमध्ये 'रीरॅप' निवडून डबा तेवढा बदला. मिनिटभरात होतं आणि चित्राचा एक कणही बदलत नाही. चित्र लागतं पण आवाज येत नाही, तर फक्त ऑडिओ एएसी या प्रकारात बदला. आणि फाइल पेनड्राइव्हवर कॉपीच होत नसेल तर तिचा आकार पाहा. फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर चार जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही.

पुढच्या वेळी शूट करताना

आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'रेकॉर्ड व्हिडिओ' खाली 'ऑटो एफपीएस' असतं, ते बंद करा. २५चा पर्याय हवा असेल तर तिथेच 'शो पाल फॉरमॅट्स' चालू करा. अँड्रॉइडवर ब्लॅकमॅजिक कॅमेरासारख्या ॲपमधून फ्रेमरेट आणि शटर हातानं ठरवता येतात. मंडपातले दिवे आपल्याकडे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवलं की चित्रात सरकणारे पट्टे येत नाहीत. हे पट्टे नंतर कन्व्हर्ट करून जात नाहीत. मग कार्यक्रम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवा, चित्र आणि आवाज जुळवायला ती उपयोगी पडते.

त्या कीर्तनाची मूळ फाइल मोबाइलमध्ये शिल्लक होती म्हणून ती दुरुस्त करता आली. आता मंडळींनी पूर्ण पाहून 'ठीक आहे' असं कळवेपर्यंत मी मूळ फाइल पुसत नाही, आणि दुरुस्त्या केलेली प्रत कधीही त्याच नावानं साठवत नाही.